एका कायदेमंडळ-सभासदाचे दप्तर
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपला आहे आणि पलीकडच्या दालनात पानांची मांडामांड सुरू झाली आहे. ह्या दोहोंच्या मध्ये वक्त्याच्या वाट्यास जी घटका येते, ती आज आमच्याकडे आली. विषय आमच्या मर्जीवर सोपविण्यात आला होता. परंतु आम्ही तो केवळ विद्वत्तेच्या हौसेने निवडलेला नाही, हे प्रथमच कबूल करतो. भोजनोत्तर भरणाऱ्या साधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर सातव्या क्रमांकास 'जुन्या दप्तराची विल्हेवाट' असा विषय छापलेला आहे. लालबागच्या खोलीतून वाशीस आणलेल्या त्या तीन पत्र्याच्या पेट्या आपणांपैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. जागा अपुरी, खाडीकाठची हवा दमट, कागदांस वाळवी लागलेली. तेव्हा रद्दीवाल्यास देऊन मोकळे व्हावे, असे काही तरुण सभासदांचे म्हणणे आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. तथापि हात वर करण्यापूर्वी आपणांस दुसऱ्या एका दप्तराची हकीकत सांगावी, असे आमच्या मनात आले.

ज्यांचे बालपण गिरणगावात गेले, त्यांना डिलाइल रोड ठाऊक आहे. त्या रस्त्याचे नाव आता ना. म. जोशी मार्ग असे आहे. तेथील बी. डी. डी. चाळींतल्या आप्तांना पत्रे धाडताना हे नाव आम्ही शेकडो वेळा पाकिटावर लिहिले. परंतु हे जोशी कोण, असे आमच्या नातवास विचारले तेव्हा 'कोणी तरी स्वातंत्र्यसैनिक असतील' असे उत्तर मिळाले. उत्तर अगदीच टाकाऊ नाही. पण रस्त्यांच्या पाट्यांवरील निम्मे लोक आपण त्याच एका उत्तरात बसवीत असतो.

नारायण मल्हार जोशी हे आपल्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे. ५ जून १८७९ रोजी त्यांचा जन्म गोरेगाव येथे झाला. मुंबईच्या उपनगरातले गोरेगाव नव्हे, माणगाव तालुक्यातले. पुण्यास शिक्षण, काही वर्षे शिक्षकाची नोकरी, १९०९ साली नामदार गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत प्रवेश, १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना, १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार, हा त्यांचा पूर्वार्ध. १९२१ पासून १९४७ पर्यंत ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने बसले. ३० मे १९५५ रोजी ते निवर्तले. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९३६ चा वेतन देण्याविषयीचा कायदा, ह्या तिन्हींच्या वाटचालीत त्यांचा हात आहे. चरित्र सांगणे हा आजचा हेतू नसल्याने एवढ्यावरच थांबतो.

ह्यात एक गोष्ट मात्र विशेष ध्यानी घ्यावयाची आहे. जोशी निवडून आलेले सभासद नव्हते. सरकारने नेमलेले होते. त्या काळी मताचा हक्क मालमत्तेवर व करभरणीवर अवलंबून असे, आणि चाळीच्या खोलीत दहाजणांनी मिळून राहणाऱ्या गिरणी कामगाराजवळ कसली मालमत्ता? कामगारांस मत नाही, म्हणून त्यांचा प्रतिनिधी सरकारने नेमावयाचा, असा तो प्रकार होता. असा मनुष्य सरकारचा मिंधा व्हावा हेच अधिक संभवनीय. त्यास मतदारसंघ नाही, पुढील निवडणुकीचे भय नाही, सभेत जाब विचारणारा कोणी नाही. मग कामगारांस काय हवे, हे त्याने कोणाकडून समजून घ्यावे? समजून घेण्याचा मोठा मार्ग म्हणजे टपाल. निवडणुकीत जे मतपेटीने व्हावयाचे, ते ह्या सभासदाच्या बाबतीत टपालाच्या पिशवीने होत असे. म्हणून त्यांच्या भाषणांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, त्यांचा पत्रव्यवहार महत्त्वाचा आहे, असे आमचे मत आहे.

हा पत्रव्यवहार सुदैवाने टिकला. दिल्लीस तीन मूर्ती भवनाच्या आवारातील नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात, ज्यास २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय असे नाव मिळाले आहे, 'एन. एम. जोशी पेपर्स' ह्या नावाने तो जतन केलेला आहे. ट्रेड युनियन काँग्रेसचे दप्तरही त्याच ठिकाणी आहे. कामगार चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या देशी-परदेशी अभ्यासकांच्या तळटिपांत ह्या संग्रहांचे उल्लेख पुनःपुन्हा येतात.

आम्ही स्वतः चौतीस वर्षे एका कचेरीत आवक-जावक विभागात काढली. विद्वानांना जे तळटिपेत दिसते, ते आम्हांस टेबलावर दिसत असे. म्हणून असे दप्तर घडते कसे, हे थोडे विस्ताराने सांगतो.

एखाद्या कामगार संघाची सभा होते. ठराव मंजूर होतो. चिटणीस तो साध्या कागदावर उतरवून सभासदाकडे धाडतो. काही वेळा संघही नसतो; एकटा मनुष्य असतो आणि त्यास लिहिता येत नसते. टपालकचेरीबाहेर बसणाऱ्या पत्रलेखकास दोन पैसे देऊन तो आपली हकीकत लिहवून घेतो. ते पत्र सभासदाच्या कचेरीत येते. त्यावर आवक क्रमांक व तारीख पडते. मग कोणी तरी त्यातील गाऱ्हाण्याचे रूपांतर कायदेमंडळास मानवेल अशा प्रश्नात करतो: अमुक रेल्वेत अमुक वर्गाच्या नोकरांस महागाईभत्ता दिला जात नाही, हे सरकारास ठाऊक आहे काय? असल्यास सरकार काय करणार आहे? प्रश्नाची आगाऊ सूचना द्यावी लागते. खात्याकडून उत्तर येते, बहुधा दोन ओळींचे. प्रश्न व उत्तर कायदेमंडळाच्या छापील वृत्तान्तात जाऊन बसतात आणि कचेरीतून मूळ पत्रलेखकास उत्तराची नक्कल धाडली जाते. त्या जावक पत्राची पातळ कागदावरील कार्बन प्रत फाइलीत राहते.

आता छापील वृत्तान्तात काय उरले? प्रश्न आणि उत्तर. ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याचे पत्र तेथे नाही. त्या पत्राचा प्रश्न बनविणाऱ्या कारकुनाची मेहनतही तेथे नाही. ती दोन्ही फाइलीतच सापडावयाची. टंकलिखित पत्राच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात टंकलेखकाची आद्याक्षरे घालण्याची पद्धत होती. पुढाऱ्यांच्या जाड जाड चरित्रांत ह्या माणसांना एवढी दोन अक्षरेसुद्धा मिळत नाहीत. जोशींच्या बाबतीत निदान एक नाव तरी ठाऊक आहे. १९२६ साली स्थापन झालेल्या बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियनमध्ये जोशी अध्यक्ष होते, तेव्हा चिटणिसीचे ओझे र. रा. बखले ह्यांनी उचलले. हे सोसायटीतील त्यांचे सहकारी. परंतु बखल्यांसारख्यांच्याही खाली जे लिफाफे चिकटवीत, तिकिटांचा हिशेब ठेवीत आणि दिल्लीची गाडी सुटण्यापूर्वी कागद पोचते करीत, त्यांचे काय? आम्ही त्याच जातकुळीचे असल्याने हा पक्षपात क्षम्य मानावा.

३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थानास कोणी न विचारता महायुद्धात ओढण्यात आले आणि ह्या टपालाची पिशवी एकाएकी जड झाली. धान्याचे भाव चढले, पगार होता तेथेच राहिला. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत महागाईभत्त्यासाठी सार्वत्रिक संप झाला आणि तो सुमारे चाळीस दिवस चालला. त्याच वर्षी जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरांच्या महागाईभत्त्याची चौकशी सर बी. एन. राव ह्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. १९४० सालीच फुटीर ट्रेड युनियन काँग्रेस पुन्हा एक झाली व जोशी तिचे प्रधान चिटणीस झाले. त्याच वर्षी तीस वर्षांच्या सहवासानंतर त्यांनी सोसायटी सोडली. म्हणजे युद्धकाळात एकाच मनुष्याच्या टेबलावर दोन दप्तरे होती: कायदेमंडळ-सभासदाचे आणि देशभरच्या कामगार संघांचे.

आणि दिल्लीच्या सभागृहातील स्थिती कशी होती? १९३४ साली निवडलेले कायदेमंडळ युद्धामुळे वर्षानुवर्षे लांबवीत १९४५ पर्यंत चालविले गेले. काँग्रेसपक्षाचे सभासद युद्धाची बहुतेक वर्षे सभागृहाबाहेर होते. काकासाहेब गाडगिळांसारखे काही तर तुरुंगात. एरवी जे गाऱ्हाणे दहा तोंडांनी बोलले गेले असते, ते आता दोन-चार तोंडांनी बोलावयाचे होते. १९४१ च्या अत्यावश्यक सेवाविषयक वटहुकुमाने त्या सेवांतील कामगारास परवानगीवाचून काम सोडण्याची बंदी झाली. १९४२ च्या जानेवारीत भारतसंरक्षण नियमांत ८१-अ हे कलम आले आणि संपाचा हक्क जवळजवळ सरकारच्या मुठीत गेला. संप करता येत नाही आणि नोकरी सोडता येत नाही; अशा मनुष्यास अर्जावाचून दुसरे काय उरते?

ह्या काळातील एका प्रकरणाने आमच्या मनाची विशेष पकड घेतली, ते देवळीचे. वर्ध्याजवळची देवळी नव्हे, अजमेर-मेरवाड्यातील. तेथे युद्धकाळात विनाचौकशी अटकेत ठेवलेल्या राजबंद्यांची छावणी होती. त्यांत कॉम्रेड डांगे होते, जयप्रकाश नारायण होते. छावणीतून बाहेर धाडावयाची जयप्रकाशांची पत्रे पकडली गेली आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये सरकारनेच ती छापून प्रसिद्ध केली. पत्राची ताकद राज्यकर्त्यांस आपणांहून अधिक कळत होती, असे ह्यावरून दिसते. जोशी कायदेमंडळाचे सभासद ह्या नात्याने १९४१ साली त्या छावणीत गेले, बंद्यांची गाऱ्हाणी त्यांनी ऐकली आणि राजबंद्यांचा प्रश्न त्यांनी सभागृहात मांडला.

ह्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. विशेष असे की, १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात ह्याच डाव्या मंडळींशी जोशींचे बिनसले होते. रॉयल कमिशनवर बहिष्कार घालावा असा ठराव झाला. जोशी स्वतः त्या कमिशनचे सभासद. ते आपल्या सहकाऱ्यांसह ट्रेड युनियन काँग्रेस सोडून बाहेर पडले व त्यांनी वेगळी संघटना काढली. तेव्हा ज्यांनी त्यांना मालकांचे हस्तक म्हणण्यास कमी केले नाही, त्यांच्याचपैकी काहींच्या अंथरुणा-पांघरुणाची व भत्त्याची चौकशी बारा वर्षांनी हा गृहस्थ करीत होता. आपल्याकडे एखाद्या साधारण सभेत मतभेद झाला तर पुढील तीन पिढ्या लग्नपत्रिका जात नाहीत. असो.

दुसरे प्रकरण खाणीतील स्त्रियांचे. जोशींनी १९२४ साली प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले होते. सभागृहाने ते फेटाळले. मुंबई प्रांताने १९२९ साली आपल्यापुरता कायदा केला. खाणीतील बायकांसाठी मध्यवर्ती कायदा व्हावयास १९४१ उजाडले. म्हणजे एका विधेयकाची फाइल सतरा वर्षे बंद न करता ठेवावी लागते. आणि कायदा होऊन दोन वर्षे झाली नाहीत तोच, युद्धास कोळसा हवा म्हणून, जमिनीखालील कामास स्त्रियांना असलेली बंदी ऑगस्ट १९४३ मध्ये उठविण्यात आली. फेब्रुवारी १९४४ मध्ये सभागृहात ह्यावर चर्चा झाली, तेव्हा मजूर खात्याचे मंत्री म्हणून सरकारची बाजू मांडण्याचे अवघड काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वाट्यास आले. १ फेब्रुवारी १९४६ पासून ती बंदी पुन्हा लागू झाली.

बाबासाहेबांचा उल्लेख आला आहे, तर दप्तराचीही गोष्ट सांगतो. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाल्यावर त्यांचे कागद न्यायालयीन ताब्यात अडकले आणि वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिले. केवढ्या मनुष्याचे कागद, आणि त्यांची ही गत! १९७६ साली महाराष्ट्र शासनाने समिती नेमली, वसंत मून ह्यांनी संपादनाचे कंबर मोडणारे काम अंगावर घेतले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड बाहेर पडला. युद्धकाळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद असताना त्यांनी केलेल्या कामाचा दहावा खंड १९९१ साली निघाला. म्हणजे जे काम १९४२ ते १९४६ मध्ये झाले, ते वाचकांसमोर एकत्र यावयास पंचेचाळीस वर्षे लागली. पेट्या राहिल्या म्हणून निदान तेवढे तरी झाले.

अमेरिकेत लोकप्रतिनिधी निवृत्त झाला की त्याच्या कचेरीचे कागद, मतदारांच्या साध्या पत्रांसकट, एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जातात. आपल्याकडे आमदार निवृत्त झाला की कार्यालयाची जागा भाड्याने जाते. आपल्यात कागदाची कदर नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्यास आजही आहेत. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यांचे माळे धुंडाळीत गावोगाव हिंडले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्यांचे बावीस खंड त्यांनी काढले. परंतु आपली समजूत अशी झाली आहे की, मोडीत लिहिलेले ते ऐतिहासिक आणि टंकयंत्रावर छापलेले ती रद्दी.

ह्या नवी मुंबईत तरी जुन्या कागदाचे मोल सांगावे लागू नये. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील पंच्याण्णव गावांच्या जमिनी शहराकरिता घेण्याचे काम सुरू झाले. ज्यांच्या शेतांवर आज आपण हे सभागृह बांधून बसलो आहोत, त्या भूमिपुत्रांना साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी कोणकोणते कागद काढावे लागले, हे शेजारच्या कोणत्याही गावी जाऊन विचारावे. सातबाऱ्याचा उतारा, संपादनाची नोटीस, वारसाचा दाखला. ज्याच्या पेटीत ते होते तो एका रांगेत आणि ज्याच्या पेटीत नव्हते तो दुसऱ्या रांगेत.

आता आमच्या तीन पेट्यांकडे येतो.

गेल्या श्रावणात चिटणीस व आम्ही मिळून त्यांतील एक पेटी उघडली. वरचा थर झुरळांनी व वाळवीने पार खाल्लेला. त्याखाली १९४३ ते १९४६ ह्या वर्षांची आवक वही, जावक वही आणि टाचण्या गंजलेले काही अर्ज. मुंबईत मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. त्यानंतरच्या पानांवर दर आठवड्यास तीच ती मागणी आहे. गावाहून आलेल्या भावास कार्ड मिळत नाही, संस्थेने दाखला द्यावा. मुलीचे लग्न आहे, तांदळाच्या परवान्यासाठी शिफारस हवी. आमच्या संस्थेचे तेव्हाचे चिटणीस दिवसा गिरणीच्या कचेरीत नोकरी करीत आणि रात्री हे अर्ज लिहीत. अक्षर सुरेख आहे. प्रत्येक अर्जाच्या खाली जोडलेल्या कागदांची संख्या नोंदलेली आहे, हे आमच्यासारख्याच्या नजरेतून सुटत नाही.

१९४४ च्या एप्रिलचे पान आम्ही दोघांनी बराच वेळ उलटले नाही. त्या महिन्याच्या १४ तारखेस मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' ह्या बोटीवरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्यानंतर आठ दिवसांनी आवक वहीत एक नोंद आहे: गोदीत हमालीस गेलेले दोघे सख्खे भाऊ परतले नाहीत, आईचा अर्ज. गावाचे नाव आहे, महाडच्या बाजूचे. जावक वहीत चार नोंदी सापडतात. शेवटची जुलै महिन्याची, 'भरपाईबाबत स्मरणपत्र'. भरपाईचा तो कायदा म्हणजे १९२३ चाच, ज्याच्यासाठी जोशी दिल्लीत बोलले होते. पण मूळ अर्ज नाही, चार पत्रांच्या प्रती नाहीत आणि उत्तरही नाही. क्रमांक आहेत, कागद नाहीत. त्या माउलीला पुढे काही मिळाले की नाही, हे दुसऱ्या दोन पेट्यांत असेल, किंवा वाळवीच्या पोटात असेल. त्या पेट्या आम्ही अजून उघडलेल्या नाहीत. आणि आज दुपारी त्याच विकावयाच्या आहेत.

तरुण सभासदांस आमचे सांगणे एवढेच की, जागेची अडचण खरी आहे आणि तिला उपाय आहे. कागद उन्हात नव्हे, सावलीत पसरावे. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्या. चिकटपट्टी कदापि लावू नये. आमच्या एका स्नेह्याच्या घरी त्या पट्टीने सनदेचा निम्मा मजकूर उचलला. वर्षवार गठ्ठे करून स्वच्छ धुतलेल्या सुती रुमालांत बांधावे आणि भ्रमणध्वनीवर प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. ह्या शेवटच्या कामात आमचे हात कापतात, ते तुम्ही करावे. तीन रविवार पुरतील. चहा-फराळ आमच्याकडे. त्यानंतर जे खरोखरच निकामी ठरेल ते रद्दीत जावो; यादी करून गेले तर आमची काही हरकत नाही.

ह्या आशयाची उपसूचना आम्ही लेखी स्वरूपात अध्यक्षांकडे दिलेली आहे. तिला अनुमोदक हवा आहे. तिसऱ्या पेटीस कुलूप आहे आणि तिची किल्ली लालबागची खोली सोडताना कोणाकडे तरी राहिली. जुन्या सभासदांनी घरी गेल्यावर देव्हाऱ्याच्या खणात एकवार पाहावे आणि सापडल्यास ती चिटणिसांकडे पोचती करावी.